अर्धशिशीवर अ‍ॅक्युपंक्चर: सुई खरंच काम करते का?

२००६ साली जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. अर्धशिशीच्या, म्हणजे मायग्रेनच्या, ९६० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले होते. पहिल्या गटाला चिनी वैद्यकात सांगितलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर टोचल्या. तिसऱ्याला नेहमीची प्रतिबंधक औषधं दिली. सहा महिन्यांनी मोजलं की दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलेत असे रुग्ण किती. खऱ्या बिंदूंच्या गटात ४७ टक्के, भलत्या जागांच्या गटात ३९ आणि औषधांच्या गटात ४०. संख्याशास्त्राच्या हिशेबात हे फरक इतके लहान होते की तिन्ही गट सारखेच धरावे लागले.

या तीन आकड्यांमधून कुणी म्हणतं, 'अ‍ॅक्युपंक्चर औषधाइतकंच गुणकारी ठरलं.' कुणी म्हणतं, 'खऱ्या आणि खोट्या सुयांत फरकच नाही, म्हणजे सगळं थोतांड.' दोघंही आकडे बरोबर सांगतात. महिन्यातले सहा-आठ दिवस अंधाऱ्या खोलीत डोकं धरून काढणाऱ्याने मग ऐकायचं कुणाचं?

माझ्या मते इथे दोन प्रश्नांची सरमिसळ होते. पहिला प्रश्न: सुया टोचून घेणाऱ्या माणसाची डोकेदुखी कमी होते का? दुसरा प्रश्न: ती कमी होते ती त्याच बिंदूमुळे आणि चिनी ग्रंथ सांगतात त्याच कारणाने का? पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी 'हो' आहे. दुसऱ्याचं बहुतांशी 'नाही'. रुग्णाला पहिल्या प्रश्नाशी मतलब असतो, शास्त्रज्ञाला दुसऱ्याशी. हे वेगळं काढलं की बराचसा वाद निवळतो.

## आधी दुखणं समजून घेऊ

डोकेदुखीचे प्रकार पुष्कळ आहेत, पण वारंवार होणाऱ्या डोकेदुखीत दोन प्रकार सगळ्यात जास्त आढळतात. एक ताणाची डोकेदुखी: दोन्ही बाजूंना, पट्टा आवळल्यासारखी, त्रासदायक पण माणूस कामं करू शकतो अशी. दुसरी अर्धशिशी: बहुतेकदा एका बाजूला ठणकते, हालचालीने वाढते, मळमळतं, उजेड आणि आवाज सोसवत नाही. उपचार केले नाहीत तर एक झटका ४ ते ७२ तास टिकतो. काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात. त्याला ऑरा म्हणतात. जगभरात शंभर कोटींहून जास्त लोकांना अर्धशिशी आहे आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

पूर्वी हा रक्तवाहिन्या फुगण्याचा आजार समजत. आता तो मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतूंचा आजार मानला जातो. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस आहे. झटक्याच्या वेळी तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं एक प्रथिन बाहेर पडतं आणि वेदनेचं चक्र पेटतं. हेच प्रथिन अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून बाजारात आली, आणि त्यांचा गुण येतो हाच या समजुतीचा भक्कम पुरावा आहे.

अर्धशिशी असलेला मेंदू म्हणजे काठोकाठ आलेली घागर. अपुरी झोप, चुकलेलं जेवण, पाळीच्या आसपासचा संप्रेरकांचा चढउतार, मानसिक ताण असं थोडं थोडं पाणी पडत जातं आणि एका थेंबाला घागर सांडते. तो शेवटचा थेंब लक्षात राहतो आणि सगळा दोष त्याला मिळतो. प्रतिबंधक उपचारांचं काम सांडलेलं पुसण्याचं नसतं, घागरीतली पातळी खाली ठेवण्याचं असतं. अ‍ॅक्युपंक्चरचा अभ्यास मुख्यतः याच कामासाठी झाला आहे. पेटलेला झटका तिथल्या तिथे थांबवण्यासाठी सुया कितपत कामाच्या, याचा पुरावा फार तोकडा आहे.

## चिनी वैद्यक काय सांगतं

परंपरागत चिनी वैद्यकाच्या मते शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते. या मार्गांना मेरिडियन म्हणतात आणि त्यांच्यावर ३६१ प्रमाण बिंदू आहेत. ची अडली किंवा तिचा तोल गेला की आजार. वैद्य नाडी बघतो, जीभ बघतो, आणि 'यकृताचा यांग वर चढला आहे' अशा भाषेत निदान करतो. कानशिलाशी दुखणारी अर्धशिशी पित्ताशयाच्या मार्गाशी जोडली जाते, कारण तो मार्ग डोक्याच्या बाजूने जातो असं मानलं आहे. म्हणून मानेच्या वर, कवटीखालच्या खळग्यातला फेंगची हा बिंदू डोकेदुखीत जवळजवळ ठरलेला असतो.

शरीरविच्छेदनात असे मार्ग कुणालाही सापडलेले नाहीत, आणि ची मोजणारं साधन नाही. मी हे स्पष्ट लिहितो, कारण पुष्कळ ठिकाणी 'ची म्हणजेच शरीरातली वीज' असं आधुनिक रंग देऊन सांगतात. त्याला आधार नाही.

'हजारो वर्षांची अखंड परंपरा' हा दावाही जरा तपासून घ्यावा असा. १९७३ साली चीनमधल्या मावांगदुई इथल्या थडग्यात वैद्यकावरची रेशमी हस्तलिखितं मिळाली. थडगं इसवी सनपूर्व १६८ मधलं. त्या लिखाणात शरीरातल्या मार्गांचं वर्णन आहे, पण सुया टोचण्याचा उल्लेख नाही. सुयांचं सविस्तर शास्त्र 'पीत सम्राटाच्या' नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात त्यानंतर येतं. पुढे १८२२ मध्ये चिनी सम्राटाच्याच हुकमाने राजवैद्यकीय संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर हद्दपार झालं. १९५० च्या दशकात माओच्या राजवटीने, आधुनिक डॉक्टर अपुरे असताना, विखुरलेल्या परंपरा एकत्र करून त्यांना महाविद्यालयं आणि पाठ्यपुस्तकं दिली. आज 'परंपरागत चिनी वैद्यक' म्हणून जे जगभर शिकवतात, त्याची मांडणी बरीचशी तेव्हाची.

पश्चिमेत त्याचं वारं शिरलं ते १९७१ साली. न्यू यॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन यांची पेकिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या पोटदुखीवर त्यांना सुया टोचल्या. त्यांनी त्याबद्दल लिहिलं. शस्त्रक्रिया नेहमीची भूल देऊनच झाली होती, पण सांगोवांगी ती 'सुयांनी भूल दिली' अशी झाली.

## सुई टोचतात तेव्हा काय होतं

सुई एक चतुर्थांश मिलिमीटर जाडीची असते. इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते, भरीव आणि लवचीक असते. ती प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून त्वचेवर ठेवतात आणि वरून बोटाने टिचकी मारतात. टोचल्याचं कळतं, पण मुंगी चावल्याइतकंही दुखेलच असं नाही. हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातल्या मांसल भागात हेगू नावाचा बिंदू आहे. तिथे सुई आत गेल्यावर उपचारक ती चिमटीत धरून फिरवतो, किंचित वर-खाली करतो. मग आत खोल कुठेतरी जड, बोथट कळ येते, कधी हात भरून आल्यासारखा वाटतो. या संवेदनेला चिनी भाषेत 'दे-ची' म्हणतात आणि ती आल्याशिवाय सुई लागू पडत नाही असं जुने उपचारक मानतात. सगळ्या सुया लावून झाल्या की रुग्ण वीस ते तीस मिनिटं शांत पडून राहतो.

त्या शांत अर्ध्या तासाकडे लक्ष द्या. कुणीतरी आधी तुमचं दुखणं सविस्तर ऐकलंय, स्पर्श केलाय, आता फोन दूर आहे, उजेड मंद आहे. यातलं किती सुईचं आणि किती बाकीचं, हे वेगळं करणं हीच संशोधकांची खरी डोकेदुखी.

## खोटी सुई कशी करतात

औषधाची चाचणी घेताना अर्ध्या लोकांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देता येते. तिला प्लासिबो म्हणतात. सुईचा प्लासिबो कसा करणार? १९९८ साली जर्मनीत एक युक्ती निघाली. टोक बोथट असलेली सुई त्वचेला टेकली की दांड्यात मागे सरकते. आत गेल्यासारखी दिसते, टोचल्यासारखी वाटते, त्वचेत मात्र शिरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे खरी सुई, पण बिंदू नसलेल्या जागी आणि उथळ.

दोन्हींत एक अडचण राहतेच. रुग्णाला फसवता येतं, टोचणाऱ्याला येत नाही. आपण खोटी सुई लावतोय हे त्याला माहीत असतं, आणि ते त्याच्या बोलण्यातून, हातातून उतरू शकतं. शिवाय उथळ टोचलेली सुईही मज्जातंतूंना काहीतरी कळवतेच, म्हणजे हा प्लासिबो साखरेच्या गोळीइतका निष्क्रिय नसतो.

## आकडे एकत्र ठेवून पाहू

उपचारांचे पुरावे गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली अर्धशिशीवरच्या २२ चाचण्या एकत्र केल्या. रुग्ण जवळजवळ ५,०००. डोकेदुखीचं प्रमाण निम्म्यावर आलेल्यांचा हिशेब असा निघाला: झटका आला की गोळी घेणं, एवढंच करणाऱ्यांत शंभरात १७, तर अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्यांत ४१. हा फरक डोळ्यांत भरणारा आहे. खोट्या सुयांशी तुलना केलेल्या चाचण्यांत खऱ्या सुयांचे ५०, खोट्यांचे ४१. फरक आहे, पण लहान. प्रतिबंधक औषधांशी तुलनेत तीन महिन्यांनी ५७ विरुद्ध ४६ आणि सहा महिन्यांनी ५९ विरुद्ध ५४. म्हणजे निदान औषधांपेक्षा कमी नाही, आणि दुष्परिणाम कमी.

ताणाच्या डोकेदुखीचं चित्रही साधारण असंच आहे.

आता सुरुवातीचे दोन प्रश्न या आकड्यांवर ठेवून बघा. १७ वरून ४१ वर नेणारी जी उडी आहे, ती रुग्णाच्या वाट्याला येणारी सुधारणा. ४१ वरून ५० वर जाणारी जी छोटी पायरी आहे, तेवढंच श्रेय 'बरोबर बिंदू, बरोबर खोली' यांना देता येतं. (दोन्ही ठिकाणी ४१ आलं हा योगायोग आहे, या वेगवेगळ्या चाचण्या आहेत. पण एकूण प्रमाण असंच.) २००५ मध्ये जर्मनीतच ३०२ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत तर ही पायरीसुद्धा दिसली नाही: खऱ्या सुया ५१ टक्के, खोट्या ५३, उपचाराची वाट बघत नुसतं थांबलेले १५.

## मग हा नुसता मनाचा खेळ का?

'मनाचा खेळ' म्हटलं की त्रास खोटा आणि सुधारणाही खोटी, असा सूर लागतो. मला तो रुग्णांवर अन्याय वाटतो. वेदना मेंदूतच तयार होते आणि तिचा आवाज कमी-जास्त करणारी यंत्रणाही मेंदूतच असते. अपेक्षा, विश्वास, सुरक्षित वाटणं यांनी ती यंत्रणा खरोखर हलते. डोकेदुखीच्या प्रतिबंधक चाचण्यांमधल्या नुसत्या प्लासिबोंची तुलना २०१३ मध्ये झाली, तेव्हा प्लासिबो गोळीने सुमारे २२ टक्के रुग्णांना फरक पडला होता आणि खोट्या सुयांनी ३८ टक्क्यांना. विधी जितका मोठा, तितका परिणाम मोठा.

त्याच्या जोडीला शरीरातही थोडं काही घडतं असे संकेत आहेत. सुई टोचून फिरवली की त्या जागी अ‍ॅडिनोसिन हे वेदना शमवणारं रसायन वाढतं, असं २०१० मध्ये उंदरांवर दिसलं. शरीराची स्वतःची वेदनाशामकं, म्हणजे एंडॉर्फिन, सुयांमुळे सुटतात हे संशोधन १९७० च्या दशकापासून चालू आहे. पण यातलं काहीही मेरिडियन सिद्ध करत नाही. शरीरावर कुठेही टोचलं तरी यातलं बरंचसं होऊ शकतं, आणि खोट्या सुया इतक्या खऱ्या का ठरतात याचं तेही एक कारण असावं.

एक बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. त्या ९६० रुग्णांच्या चाचणीत औषधांचा गट वाट्याला आलाय हे कळताच शंभराहून जास्त जण लगेच बाहेर पडले. ते आले होते सुयांसाठी. अशा ठिकाणी सुयांच्या गटात उत्साह आणि औषधांच्या गटात निराशा असणार, हे गृहीत धरूनच 'औषधाइतकंच गुणकारी' हे वाक्य वाचलं पाहिजे.

## चीनमधले नवे निकाल तर जास्त चांगले आहेत

हो, आहेत. २०१७ च्या एका चिनी चाचणीत १६ आठवड्यांनी झटक्यांची संख्या खऱ्या सुयांनी ३.२ ने, खोट्यांनी २.१ ने आणि नुसतं थांबलेल्यांत १.४ ने घटली. २०२० मध्ये दीडशे रुग्णांवर झालेली दुसरी चाचणी मला जास्त चोख वाटते. त्यात आधी कधीच अ‍ॅक्युपंक्चर न घेतलेले लोकच निवडले, म्हणजे खरी-खोटी सुई ओळखणं अवघड, आणि खोटी सुई त्वचेत न शिरणारी होती. आठ आठवड्यांत २० वेळा उपचार केले. पुढे १७ ते २० व्या आठवड्यांत दुखण्याचे दिवस खऱ्या सुयांनी ३.९ ने आणि खोट्यांनी २.२ ने कमी झाले. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

पण शंकेलाही जागा आहे. १९९८ मध्ये झालेल्या एका पाहणीत चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधली अ‍ॅक्युपंक्चरची तपासलेली प्रत्येक चाचणी अनुकूल निघाली होती. कुठलाही उपचार दर वेळी जिंकत नसतो. प्रतिकूल निकाल छापलेच जात नसतील, तर छापलेल्यांची सरासरी फसवी ठरते. नव्या चाचण्या पूर्वीपेक्षा बऱ्याच काटेकोर आहेत, तरी तेच निकाल इतर देशांत पुन्हा मिळावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

## काढे आणि गोळ्यांचं काय?

सुया आणि चिनी जडीबुटी एकाच परंपरेतल्या म्हणून एकाच मापाने मोजल्या जातात. ही चूक महागात पडू शकते. सुई काढली की संपली. पोटात गेलेली वनस्पती यकृत आणि किडनीतून जाते.

डोकेदुखीवर छ्वानश्योंग आणि थ्येनमा या वनस्पती चीनमध्ये पुष्कळ वापरतात. त्यांच्यावरच्या बहुतेक चाचण्या लहान आणि सदोष आहेत, त्यामुळे ठाम काही म्हणता येत नाही. 'मलेरियावरचं आर्टेमिसिनिन चिनी वनस्पतीतूनच आलं ना?' असं विचारतात. आलं, आणि त्याबद्दल तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण त्यांनी त्या वनस्पतीतलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं, त्याची चाचणी घेतली, मात्रा ठरवली. त्याच वाटेने प्रत्येक वनस्पतीने जायला हवं.

न गेल्यास काय होतं ते १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये दिसलं. वजन कमी करण्याच्या चिनी गोळ्यांत एका वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली दुसरी गेली. शंभराहून अधिक बायकांच्या किडन्या खराब झाल्या, अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल आज कर्करोगकारक म्हणून सर्वांत वरच्या गटात नोंदलेलं आहे. हा विषय डोकेदुखीपासून दूरचा नाही: छ्वानश्योंग आणि चहा यांच्या प्रसिद्ध जुन्या डोकेदुखीच्या चूर्णात शीशिन नावाची वनस्पती असते, आणि ती याच कुळातली आहे. तिच्या मुळांत हे आम्ल पानांपेक्षा कमी असतं, पण कुठला भाग वापरलाय हे पुडीवरून कळत नाही.

शिवाय अशा तयार गोळ्यांत न सांगता वेदनाशामकं आणि स्टेरॉइड मिसळल्याचं वेगवेगळ्या देशांत वारंवार उघडकीला आलं आहे. अर्धशिशीच्या रुग्णाला त्याचा वेगळाच फटका बसतो. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका थांबवणारी खास औषधं) किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या की गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडते. गोळीत काय आहे हेच ठाऊक नसेल तर हा सापळा दिसतही नाही. डोकेदुखीसाठी अनोळखी मिश्रण घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो.

## सुया तरी सुरक्षित आहेत का?

प्रशिक्षित हातात बऱ्याच. जर्मनीत सुमारे २ लाख २९ हजार रुग्णांची नोंद ठेवली, त्यात ८.६ टक्क्यांनी काही ना काही त्रास सांगितला. बहुतेकांना थोडं रक्त येणं, काळंनिळं पडणं, टोचल्या जागी दुखणं एवढंच. छातीत सुई खोल जाऊन फुप्फुसाभोवती हवा साठल्याच्या घटना दोन. सुया एकदाच वापरायच्या, निर्जंतुक पाकिटातल्या आणि तुमच्यासमोर फोडलेल्या असाव्यात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगायलाच हवं. हेगूसह काही बिंदू गरोदरपणात परंपरेनेच टाळतात.

## करून बघायचं ठरवलं तर

निदान आधी, सुया नंतर. अचानक, काही सेकंदांत शिगेला पोचलेली डोकेदुखी; तापासोबत मान ताठणं; हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं; डोक्याला मार लागल्यावरचं दुखणं; पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. यातलं काहीही असेल तर डॉक्टरकडे जा, उपचारकाकडे नाही.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत ताणाच्या जुनाट डोकेदुखीसाठी ५ ते ८ आठवड्यांत १० वेळांपर्यंत अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करायला सांगितलं, आणि अर्धशिशीत टोपिरामेट व प्रोप्रॅनोलॉल ही दोन प्रतिबंधक औषधं चालत नसतील किंवा लागू पडली नसतील तेव्हा. मला ही जागा योग्य वाटते. औषधांनी गळून जाणारे, ज्यांना ती घेताच येत नाहीत असे, किंवा औषधाच्या जोडीला काही हवं असलेले, यांच्यासाठी हा सच्चा पर्याय आहे. चालू औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सुरू करण्याआधी चार आठवडे रोज रात्री वहीत लिहा: दुखलं का, किती, गोळी घेतली का. अर्धशिशी आपोआपही कमी-जास्त होते आणि माणूस उपचार शोधतो तो नेमका सगळ्यात वाईट महिन्यात. त्यानंतर थोडं बरं वाटणारच होतं, ते सुईच्या खात्यात जमा होऊ नये म्हणून ही वही. दहा वेळा झाल्यावर दुखण्याचे दिवस मोजा. फरक नसेल तर 'अजून दहा घ्या' याला तयार होऊ नका.

फरक पडला असेल तर तो लगेच ओसरेल अशी भीती नको. ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती २०१८ मध्ये एकत्र तपासली, तेव्हा जुनाट वेदनांवर झालेला फायदा वर्षभराने साधारण १५ टक्क्यांनीच घटलेला दिसला. म्हणून दर आठवड्याला कायमचं यावं लागेल असं कुणी सांगितलं, तर आधी काही महिने थांबून वहीतले आकडे पुन्हा वर जातात का ते बघा, आणि गेले तरच पुढचा वेळ ठरवा.